झेपेल एवढी

स्कीइंगच्या बॅगांचे रिव्ह्यू लिहिणाऱ्यांकडे गाडी असते. असं ते कुठे लिहीत नाहीत, पण चार-पाच रिव्ह्यू वाचले की कळतं. ‘मोठीच घ्या, जास्तीची जागा कधी वाया जात नाही’ असा सल्ला देणाऱ्याची बॅग घरातून डिकीत आणि डिकीतून हॉटेलच्या दारात एवढाच प्रवास करते. माझी बॅग म्युनिकमधल्या एका जुन्या, लिफ्ट नसलेल्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरून निघते. ट्रॅमने स्टेशनला जाते, कुफश्टाइनला ऑस्ट्रियात शिरते, व्योर्गलला गाडी बदलते आणि ब्रिक्सन इम थाले नावाच्या गावात उतरून बर्फातून वीस मिनिटं चढ चढते. ही सगळी वाट ती माझ्या अंगावर असते. माझी उंची 156 सेंटिमीटर.

त्यामुळे मागच्या हिवाळ्यात डफल बॅग घ्यायची ठरवली तेव्हा किती लिटरची घ्यायची हा प्रश्न दुसरा होता. पहिला होता, मला झेपेल किती?

‘झेपणं’ हे क्रियापद मी लहानपणापासून नकारातच ऐकत आलेय. ‘राहू दे, तुला नाही झेपायचं.’ गॅसचा सिलेंडर, पाण्याची कळशी, एसटीच्या टपावर चढवायची बॅग, सगळ्याला हेच. ऐकवणारे प्रेमानेच ऐकवायचे. भाऊ माझ्याहून तीन वर्षांनी लहान, तरी बारा वर्षांचा झाल्यापासून घरातली मोठी एअरबॅग त्याच्या खांद्यावर. ती भरायची आईने, उचलायची बाबांनी किंवा त्याने. माझ्या हातात खाऊची पिशवी आणि पाण्याची बाटली.

आईची स्वतःची अशी बॅग नव्हतीच. तिच्या साड्या बाबांच्या सुटकेसमध्ये तळाला आणि आमच्या बॅगांमध्ये उरलेल्या कोपऱ्यांत जायच्या. कोल्हापूरहून रेल्वेने तिरुपतीला गेलो तेव्हा चार जणांचं सामान तीन बॅगांत होतं. हे मला म्युनिकमध्ये बसून, एक्सेल शीटमध्ये माझ्या सामानाची यादी करताना लक्षात आलं.

स्कीइंग मी नोकरीमुळे शिकले. आमच्या टीममधले निम्मे लोक चार वर्षांचे असल्यापासून बर्फावर आहेत. पहिल्या वर्षी मी भारतातून आणलेली चाकांची सुटकेस नेली होती. सामान चार दिवसांचं, कारण स्कीज, बूट, हेल्मेट सगळं तिथल्या दुकानात भाड्याने मिळतं. शिकणाऱ्याने तेच करावं. पण वाटेत एका स्टेशनवरची लिफ्ट बंद होती, आणि पुढे गावात चाकं बर्फात फिरेनात, नांगरासारखी रुतून ओढली जायला लागली. एका सहकाऱ्याने काही न विचारता सुटकेस माझ्या हातातून घेतली आणि चालायला लागला. चांगला माणूस आहे. मी मागून रिकाम्या हाताने चालत राहिले. हात कुठे ठेवायचे ते कळत नव्हतं.

दुसऱ्या वर्षी मी स्वतःचे बूट घेतले. स्कीइंगमध्ये पहिल्यांदा विकत घेण्यासारखी वस्तू हीच. स्कीज भाड्याच्या चालतात, पण बूट पायाला नीट बसला नाही तर दुपारपर्यंत डोळ्यांत पाणी येतं. आणि बूट आले की सामानाचं गणित बदलतं. कडक प्लास्टिकची ती जोडी साडेतीन-चार किलोंची असते. तिला दाबता येत नाही, दुमडता येत नाही. बूट आणि हेल्मेट मिळूनच पस्तीसेक लिटर जागा खातात.

मग बॅगांचा अभ्यास सुरू झाला. डफल हे खरं तर बेल्जियममधल्या अँटवर्पजवळच्या एका गावाचं नाव. तिथल्या जाड लोकरी कापडाला ते नाव मिळालं आणि पुढे बॅगेलाही चिकटलं. आपल्या आजोबांच्या होल्डॉलची ही लांबची बहीण. आत सांगाडा नाही, कप्पे फारसे नाहीत, मोठं तोंड आणि एक पोट. सांगाडा नसल्यामुळे रिकामी असताना ती दीड-दोन किलोंच्या आत राहते. तेवढ्याच मापाची चाकांची बॅग रिकामीच त्याच्या दुप्पट भरते. म्हणजे बर्फात न फिरणाऱ्या चाकांसाठी दोन किलो आधीच खर्च.

मापं ठरलेली असतात. नॉर्थ फेसची बेस कॅम्प 50, 71, 95, 132 लिटर अशी वाढत जाते. पॅटागोनियाची ब्लॅक होल 40, 55, 70, 100 अशी. स्कीइंगसाठी बहुतेक जण 90 ते 100 ची सुचवतात. गाडी असेल किंवा दोघांचं सामान एकात न्यायचं असेल, तर ते बरोबरच आहे. ओले कपडे परतीला नीट घडी होत नाहीत, त्यांना जागा लागते. पण 95 लिटरची बॅग साधारण 70 सेंटिमीटर लांब असते. पाठीवर उभी घेतली की माझ्या मानेपासून पार मांडीच्या वरपर्यंत, जिना चढताना प्रत्येक पायरीला खालून दणका. शिवाय डफलला पाठीवरचे पट्टे असले, तरी ट्रेकिंगच्या सॅकसारखा कमरेचा पट्टा बहुधा नसतो. सॅकमध्ये बरंचसं वजन कमरेवर जातं. इथे सगळं खांद्यांवर.

बाबांना व्हिडिओ कॉलवर दोन-तीन बॅगा दाखवल्या. आमचं घर इचलकरंजीचं. बाबांचे आठ माग होते, आता चार आहेत. त्यांनी रंग बघितला नाही, किंमत विचारली नाही. पहिला प्रश्न, “डेनियर किती?”

इचलकरंजीत सुताची जाडी दोन भाषांत बोलतात. कॉटनला काउंट, पॉलिस्टरला डेनियर, आणि दोन्ही एकमेकांच्या उलट. काउंटचा आकडा वाढला की सूत बारीक होतं, डेनियरचा वाढला की जाड. 9,000 मीटर धाग्याचं वजन जितके ग्रॅम, तितका डेनियर. म्हणजे 1,000 डेनियरचा नऊ किलोमीटर धागा एक किलो भरतो.

“तळाला हजारच्या आसपास बघ. वर कमी असलं तरी चालतंय. घासतो तो तळ. आणि कोटिंग आतनं आहे का बाहेरनं, ते विचार.”

मग थोडं थांबून म्हणाले, “हमाल गाठ कशी उचलतोय बघितलंयस नव्हं? आधी पाठीला चिकटवतो, मग उठतो. लोंबतं वजन दुप्पट लागतंय.”

बॅगांवर जेवढं वाचलं, त्यात याहून कामाचं काही सापडलं नाही. मोठी बॅग अर्धी भरली की सामान खाली घसरतं, बॅग पाठीपासून सुटते आणि मागे ओढायला लागते. म्हणून माप सामानापुरतंच हवं, आणि बाजूला आवळायचे पट्टे हवेत. बूट उभ्या बॅगेच्या खालच्या टोकाला, पाठीच्या बाजूने. हेल्मेटच्या पोकळीत मोजे. ओल्यासाठी वेगळी वॉटरप्रूफ पिशवी, कारण डफलच्या एका पोटात ओला बूट आणि कोरडा स्वेटर शेजारी झोपतात. चेन मोठ्या दातांची, आणि तिला बोटभर लांब नाडी बांधलेली. जाड हातमोज्यांत चेनची इवलीशी पट्टी पकडता येत नाही, आणि दातांत वितळलेला बर्फ पुन्हा गोठला की तीच चेन हट्टाला पेटते.

उरला मूळ प्रश्न. परदेशात राहणाऱ्या मराठी माणसाच्या घरी कुकर असतो तसा लगेजचा काटाही असतो, 23 किलोंच्या भीतीपोटी. मैत्रिणीची डफल उसनी आणली. तिच्यात तांदळाच्या पिशव्या भरल्या आणि तळमजल्यापासून तिसऱ्या मजल्यापर्यंत चढले. आठ किलो, काही जाणवलं नाही. दहा, ठीक. बारा, धाप लागली पण बोलता येत होतं. चौदाला दुसऱ्या मजल्यावर भिंतीला टेकले. शेजारच्या आजी दार उघडून बघत होत्या. त्यांना जर्मनमध्ये ‘तांदूळ’ एवढंच सांगता आलं.

माझा आकडा बारा. बूट 3.6, हेल्मेट-गॉगल 0.7, जॅकेट आणि पँट 1.9, आतले थर, मोजे, हातमोजे 1.6, संध्याकाळचे कपडे आणि चपला 1.8, बाकी बारीकसारीक एक किलो. झाले 10.6. रिकामी बॅग 1.4. बरोबर बारा. जॅकेट अंगावर घातलं तर भडंगाला जागा होते. भडंगाला वजन नसतं, पण त्याचा पसारा जॅकेटएवढाच. मी 70 लिटरची घेतली. दुकानातला मुलगा म्हणाला, स्कीइंगसाठी लहान पडेल. मी म्हटलं, मोजून आलेय.

जानेवारीत ती घेऊन गेले. ट्रॅम, तीन जिने, गाडी बदलणं, वीस मिनिटांचा चढ. खांदे दुखले. चढावर दोनदा थांबले. तोच सहकारी शेजारून चालत होता, त्याने हात पुढे केला. मी “नको, झेपतंय” हे मनातल्या मनात मराठीत म्हटलं आणि तोंडाने जर्मनमध्ये “जमतंय” म्हटलं. तोही माझ्याबरोबर थांबला आणि दरीकडे बघत उभा राहिला.

परतीच्या दिवशी गुडघा सुजला होता. डफलच्या दोन्ही टोकांना कड्या असतात, त्या यासाठीच. मी त्याला विचारलं, एक बाजू धरतोस का? दोघांनी दोन कड्या धरून बॅग उतारावरून स्टेशनपर्यंत आणली. त्याचं अर्धं, माझं अर्धं. या वेळी हात कुठे ठेवायचे हा प्रश्न पडला नाही.

हे सगळं आईला फोनवर सांगितलं. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, “आमच्या भिशीतल्या बायका मार्चमध्ये हम्पीला निघाल्यात. मी पण जाईन म्हणते.” मी विचारलं, बॅग कुठली नेणार? “तेच विचारायचं होतं. तुझ्यासारखी, पण लहान.”

40 लिटरची पाठवली. पार्सल पोहोचलं त्या दिवशी तिने तिच्यात तांदूळ भरून गच्चीपर्यंत दोनदा चढून बघितलं. बाबा खालून म्हणत होते, “राहू दे, मी धरतो.” ती म्हणाली, “थांबा हो, मोजतेय.”

तिचा आकडा सहा किलो. चार साड्या, एक शाल, गोळ्यांचा डबा, आणि दीड किलो अजून शिल्लक आहे. त्याचं काय करायचं, हे ती अजून ठरवतेय.