दीडशे रुपयांची मुलुखमैदान

सोलापूर सोडून आगगाडी दक्षिणेस वळली, भीमेचा पूल मागे पडला, आणि ज्वारीच्या काळ्या रानांपलीकडे उगवलेला गोलघुमटाचा करडा अर्धगोल विजापूर येईपर्यंत डोळ्यांपुढून हलला नाही. तेथील प्रतिध्वनीचे कौतुक सर्वांनीच करून ठेवले आहे. माझी ओढ होती आसार महालाकडे.

प्रथम न्यायसभेसाठी उठविलेल्या आणि पुढे पैगंबरांच्या दाढीच्या केसांचा पवित्र ठेवा जपणाऱ्या या वास्तूच्या भिंतींवर युरोपीय वळणाची मानवी चित्रे पाहून भाविकाने दचकावे. परंतु दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या पदरी कॉर्नेलिस हेडा नावाचा डच चित्रकार चाकरीस होता, हे ठाऊक असल्यास त्याचे नवल वाटत नाही. पश्चिमेची कला तेव्हा येथे रोजगार मागत आली होती. आणि ज्या घराण्यातील पहिल्या इब्राहिमाने महसुली हिशेब फारसीतून मराठीत आणले, दुसऱ्याने दक्खिनीत ‘किताब-ए-नवरस’ रचले, त्याला आणखी एक परकी रीत पचविणे जड नव्हते.

१८४८ साली साताऱ्याचे राज्य खालसा होऊन विजापूर कंपनी सरकारच्या अमलाखाली गेले आणि पारडे फिरले. १८५३ साली आसार महालातील अरबी-फारसी हस्तलिखिते लंडनला रवाना झाली. पुढल्याच वर्षी निरुपयोगी सरकारी सामान विकून टाकण्याचा हुकूम सुटला, आणि मामलेदाराने त्या सामानात कोणती चीज लिलावास काढावी? १५४९ साली अहमदनगरास ओतलेली, सिंहमुखी, सुमारे ५५ टनांची मुलुखमैदान तोफ! सर्वांत चढी बोली आली दीडशे रुपयांची. रक्कम क्षुल्लक आणि लोकांची तोफेवरील भक्ती मोठी, असे पाहून वरिष्ठ अंमलदाराने विक्री रद्द केली. शर्झा बुरुजावर तिच्या गार धातूवर हात ठेवून मी उभा होतो, तेव्हा सारखे मनात येत होते, की त्या दिवशी एखाद्या भंगारवाल्याने हजार रुपये पुकारले असते तर?

पुढे जिल्ह्याचे ठाणे येथे आले. चिनी महालात कचेऱ्या थाटल्या, बुखारा मशिदीत डाकखाना बसला. १९०४ चा प्राचीन स्मारकांचा कायदाही याच राज्यकर्त्यांनी केला, आणि त्याचे श्रेय त्यांना न देणे कृतघ्नपणाचे होईल. मात्र तो कायदा होईपर्यंत ग्रंथांना समुद्रापार जाऊन अर्धशतक लोटले होते.

संध्याकाळी पुन्हा आसार महालाशी आलो. ग्रंथ कोठे असत, असे वृद्ध मुजावरांना विचारले, तेव्हा त्यांनी काही न बोलता एका बंद दाराकडे बोट दाखविले. ते ग्रंथ आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत.