टॉप वाजवून बघणाऱ्यांसाठी

चहाच्या टपरीसमोर हार्ड टॉप बसवलेली गाडी येऊन थांबली की एक गोष्ट हमखास होते. कोणीतरी उठतो, गाडीभोवती एक फेरी मारतो आणि बोटाच्या पेरानं टॉप वाजवून बघतो. पोकळ आवाज आला की निकाल लागला, "प्लास्टिक आहे रे, डबा नुसता." भरीव आवाज आला की, "जाड आहे, कडक काम केलंय." मी पण वाजवून बघायचो. गेल्या जुलैपर्यंत.

हे लिहू की नको यात बरेच महिने गेले. पण पावसाळा परत तोंडावर आलाय, शाळा-क्लास सुरू होतील, आणि आपल्या तालुक्यात अशा गाड्या दर महिन्याला वाढतायत. म्हणून लिहितो. जरा लांब आहे, पण शेवटपर्यंत वाचा.

ज्यांना गाड्यांचं वेड नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. जीप मुळात कापडी छताचीच. दुसऱ्या महायुद्धातली विलीज जीप तशीच होती, आणि महिंद्रानं आपल्याकडं जोडणी सुरू केली ती त्याच जीपची. आपण लहानपणी बघितलेल्या सगळ्या जीपना कापडी हूडच असायचं. पावसाळ्यात बाजूचे पडदे लावायचे, तरी मांडीवर पाणी यायचंच. नाशिकला बनणारी थार 2010 मध्ये आली तीसुद्धा कापडी छताची. मग हौशी लोक बाहेरच्या वर्कशॉपमधून फायबरचा टॉप करून घ्यायचे. 2 ऑक्टोबर 2020 ला नवी थार बाजारात आली आणि कंपनीकडूनच हार्ड टॉपचा पर्याय मिळायला लागला. रांजणगावला 2021 पासून जोडणी होणाऱ्या जीप रँग्लरचा टॉप तर तुकड्यातुकड्यानं निघतो. पुढच्या दोघांच्या डोक्यावरचे पॅनेल आतल्या खटक्यांनी सुटतात. मागचा मोठा भाग काढायला बोल्ट खोलायचे, वायरचा प्लग आणि मागच्या वायपरची पाण्याची नळी सोडवायची, आणि दोघा-तिघांनी मिळून उचलायचा.

आता मूळ गोष्ट.

माझ्या एका शाळकरी मित्रानं सेकंड हँड, कापडी हूडची ऑफरोड गाडी घेतली. कंपनीचं नाव घेत नाही, कारण ही गोष्ट कंपनीची नाही. मागं समोरासमोर दोन आडवी बाकं. आम्ही राहतो त्या वाडीकडं संध्याकाळी सातनंतर जायला काही नसतं, आणि पोरांचा क्लास सुटतो सातला. मित्राचा पोरगाही त्याच क्लासला. तो आपल्या पोराला आणायला जायचा, मग माझ्या मुलीलाही आणायला लागला. मग शेजारची दोन आली, मग अजून तीन. एकूण सात पोरं. आम्ही सगळे पालक डिझेलपुरते पैसे काढून द्यायचो.

कापडी हूड होतं तोवर मला धाकधूक असायची. घाटातला रस्ता, आंबोलीच्या बाजूचा पाऊस, अंधार. बायको रोज म्हणायची, "उघड्या गाडीतनं पोरगी येतीय, मला नाही बरं वाटत." मे महिन्यात मित्रानं एका वर्कशॉपमधून फायबरचा हार्ड टॉप बसवून घेतला. काळा, चकाचक, मागं काचेचा दरवाजा. मी जाऊन वाजवून बघितला. भरीव आवाज आला. घरी येऊन बायकोला सांगितलं, "आता काळजी नाही, कडक टॉप बसवलाय."

हे वाक्य माझं आहे. मी पंधरा-वीस वर्षं बातम्या लिहितोय, दर जूनमध्ये वडापच्या जीपमध्ये किती माणसं कोंबतात याची मोजून बातमी करतोय, आणि हे वाक्य मी बोललोय.

पहिल्या पावसातच टॉप गळायला लागला. काचेच्या वरच्या पट्टीतनं थेंब थेंब पाणी ड्रायव्हरच्या मांडीवर. खराब रस्त्यावर कुरकुर आवाज. मित्र वैतागला. टपरीवर रोज तीच चर्चा, क्वालिटी बेकार, पैसे गेले, कंपनीचा तो कंपनीचा. मित्रानं चिडून सगळे बोल्ट अजून आवळले आणि फटीत सिलिकॉन भरलं. गळती थांबली. आवाजही कमी झाला. सगळे खूश.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, संध्याकाळी साडेसातच्या सुमाराला, समोरून म्हैस आडवी आली. वेग फार नव्हता. गाडी बाजूला घेतली तर ओल्या साईडपट्टीवरून डावं चाक चरात गेलं आणि गाडी घनसाळच्या शेतात डाव्या अंगावर कलंडली. टॉपचा कोपरा बांधावर आपटला. कोपरा फुटला, मागचे बोल्ट फायबरमधून उपटून निघाले, आणि टॉप डब्याचं झाकण पडावं तसा चिखलात जाऊन पडला. आतली पोरं एकमेकांच्या अंगावर. माझ्या मुलीचं मनगट मोडलं. एका पोराच्या कपाळाला टाके पडले. बाकीच्यांना मुका मार. मी पोचलो तेव्हा मुलगी बांधावर बसली होती, हात पोटाशी धरून. मला म्हणाली, "पप्पा, दप्तर भिजलं."

देवाच्या कृपेनं वाचली असं सगळे म्हणाले. मीही म्हणालो. पण कशामुळं वाचली हे दुसऱ्या दिवशी उजेडात गाडी बघितल्यावर कळलं. बाकांच्या वरून जाणारा लोखंडी पाईप, ज्याला रोल केज म्हणतात, तो बांधावर टेकला होता. जरा वाकला होता, पण त्यानं गाडीचं वजन पेललं होतं. मित्रानं खाली मान घालून सांगितलं, "लेका, वर्कशॉपवाला म्हणत होता की मागचा पाईप कापून टाकू, आतली गादी नीट बसत नाही. कापायचे आणि वेल्डिंगचे वेगळे पैसे सांगितले म्हणून मी नको म्हटलं." म्हणजे सात पोरांची डोकी माझ्या मित्राच्या चिकटपणामुळं वाचली.

तरीही गावात चर्चा एकच. टॉप कुठनं बसवलेला? बघा कसा फुटला, क्वालिटीच नाही. मित्र म्हणाला, "तू त्या वर्कशॉपविरुद्ध बातमी लाव." मी लिहायला बसलोही. मग म्हटलं, आधी कुणाला तरी विचारावं. आमच्या ओळखीचे एक मेस्त्री आहेत, फायबरचं काम करण्यात आयुष्य गेलंय. त्यांना फुटलेला तुकडा नेऊन दाखवला.

त्यांनी समजावलं ते असं. साच्याला मेण लावायचं, त्यावर जेलकोटचा थर मारायचा, म्हणजे बाहेरून दिसते ती चकाकी. मग काचतंतूंची मॅट अंथरायची, रेझिनमध्ये हार्डनर मिसळून ते ब्रशनं लावायचं आणि रोलर फिरवून हवा काढायची. असे थर जेवढे नीट, तेवढा टॉप टिकाऊ. हवेचे बुडबुडे राहिले की तिथं कमजोर. पण चकाकी आणि आवाज यावरून आतले थर कळत नाहीत. गादी चिकटवली की पोकळ टॉपसुद्धा भरीव वाजतो.

गळतीचं म्हणाल तर पाणी टॉपमधून येतच नव्हतं, सांध्यातून येत होतं. चासीवर बसवलेली बॉडी खड्ड्यात पिळवटते, टॉप मात्र कडक. दोघांच्या मध्ये रबर असतं ते ही हालचाल झेलायला. रबर नीट बसवायचं सोडून बोल्ट आवळले की सगळा ताण बोल्टभोवतीच्या फायबरवर येतो आणि तिथं बारीक तडे जातात. तुकड्यावर बोल्टच्या भोकाभोवती चांदणीसारखे तडे होतेच. मित्रानं ज्या दिवशी गळती बंद केली त्याच दिवशी टॉप कमजोर झाला होता.

मी विचारलं, "बोल्ट नीट असते तर टॉप फुटला नसता का?" मेस्त्री हसले. म्हणाले, "अहो साहेब, फुटलाच असता, नाहीतर तडकला असता. काढता येणारा टॉप म्हणजे छत्री. ऊन-पावसाला असते ती. गाडी पडल्यावर पेलायचं काम पायपाचं, आणि माणसाला जागेवर धरायचं काम पट्ट्याचं. तुमच्या बाकांना पट्टे होते का?"

नव्हते. आणि हा प्रश्न गावात एकानंही विचारला नव्हता. मीही नाही.

या विषयावर वाचताना अमेरिकेतली एक गोष्ट सापडली. फोर्डच्या ब्रॉन्को गाडीचा काढता येणारा हार्ड टॉप 2021 मध्ये वादात आला. वेबास्टो या पुरवठादारानं बनवलेल्या या टॉपवर पाणी आणि दमट हवेमुळं मधमाशीच्या पोळ्यासारखी नक्षी उमटायला लागली. दोष दिसण्यातला होता. तरी ऑगस्ट 2021 मध्ये फोर्डनं जाहीर केलं की गाड्यांवर बसलेले असे सगळे टॉप बदलून देऊ. ग्राहक भांडले, कंपनीला ऐकावं लागलं, हे चांगलंच झालं. पण मला त्यात आपलाच चेहरा दिसला. टॉपवर डाग पडला, रंग उडाला, पाणी गळलं, आवाज आला, की आपण क्वालिटीवर बोलतो. कारण ते रोज दिसतं, ऐकू येतं. पाईप आणि पट्टा आयुष्यात एकदाच कामाला येतात, म्हणून त्यांची क्वालिटी कोणी विचारत नाही.

कोणी म्हणेल, नव्या गाड्यांना स्टार आहेत. आहेत ना. थारला 2020 मध्ये ग्लोबल एनकॅपचे प्रौढांसाठी चार आणि मुलांसाठी चार स्टार मिळाले. पण ते कारखान्यातून निघाली तशा गाडीला, पट्टे लावलेल्या पुतळ्यांसह, आणि मुख्यतः ताशी 64 किलोमीटर वेगानं समोरून होणाऱ्या धडकेसाठी. बाहेरून बसवलेला टॉप, कापलेला पाईप आणि बाकावर दाटीवाटीनं बसलेली सात पोरं यांना कोणी स्टार दिलेले नाहीत.

कायद्याचंही सांगतो, कारण मलाही तो तेव्हाच नीट वाचावा लागला. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणं, कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलाशी नोंदणीतला तपशील जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच सांगितलं. चौदा वर्षांखालचं मूल पट्ट्याशिवाय बसवलं तर कलम 194ब खाली एक हजार रुपये दंड आहे. आणि पांढऱ्या पाटीच्या गाडीतनं पैसे घेऊन माणसं नेता येत नाहीत. "डिझेलपुरते" हा शब्द आपला, कायद्याचा नाही.

आता कबुली. त्या अपघाताची बातमी मी दिली नाही. वडापची जीप असती तर पहिल्या पानासाठी पाठवली असती. "क्षमतेपेक्षा जास्त विद्यार्थी, पालकांत संताप" असा मथळाही मला पाठ आहे. इथं संतापलेला पालकही मीच होतो आणि पोरगी त्या बाकावर बसवणाराही मीच. वडापवाल्याला पोट आहे म्हणून तो माणसं कोंबतो. मी कशासाठी कोंबलं? टॉप कडक दिसला म्हणून माझी भीती गेली. कापडी हूड गळायचं, पण निदान मला घाबरवून ठेवत होतं.

वर्कशॉपविरुद्धची बातमीही मी लावली नाही. पाईप कापायचा सल्ला देणं चूकच, ते मी त्यांना जाऊन तोंडावर सांगितलं. पण गिऱ्हाईक पाईपपेक्षा गादीची फिनिशिंग बघतं हे त्यांना आपणच शिकवलंय.

म्हणून टॉप बसवणाऱ्यांना तीन-चार गोष्टी सांगतो. आधी आरटीओत विचारा, विमा कंपनीला लेखी कळवा. पाईपला हात लावू देऊ नका. गळती झाली तर बोल्ट आवळू नका, रबर बघा. आणि ज्या सीटला पट्टा नाही तिथं पोर बसवू नका, टॉप कितीही कडक असो. वरातीत, मिरवणुकीत, सभेच्या आधीच्या रॅलीत टॉप काढून त्यातून अर्धं अंग बाहेर काढून उभे राहणाऱ्या भावांनाही हेच सांगणं. तेव्हा तर तुम्ही पाईपच्याही वर असता.

मित्रानं मागची बाकं काढून टाकली. आता आम्ही पालक पाळीनं जातो, ज्याला पट्टे आहेत त्या गाडीतनं, पट्टे तेवढीच पोरं. दोन फेऱ्या होतात, डिझेल जास्त जातं. मुलीचा हात बरा झाला, पण लिहिताना अजून मध्येच थांबून मनगट चोळते.

मित्रानं नवा टॉप बसवलाय. परवा टपरीसमोर गाडी लागली तर एकजण उठला आणि वाजवून बघायला लागला. मित्रानं दार उघडून त्याला पाईप दाखवला.

तुमची पोरं कशातनं येतात-जातात? आज संध्याकाळी जाऊन पट्टे मोजा आणि पोरं मोजा. आकडे जुळले नाहीत तर खाली लिहा, लाजू नका. सुरुवात मी केलीय. सात पोरं, पट्टे शून्य.