भोपळ्याला दालचिनी चालते

अमेरिकेत सप्टेंबर उजाडला की भोपळ्याचं जे स्तोम माजतं, त्याची मी बरीच वर्षं यथेच्छ टिंगल केली. कॉफीत भोपळा, बिस्किटात भोपळा, मेणबत्तीलाही भोपळ्याचा वास. आणि तो वास तरी भोपळ्याचा कुठे? दालचिनी, सुंठ, जायफळ, लवंगेचा. स्टारबक्सने पंपकिन स्पाइस लाटे आणली २००३ मध्ये आणि तिच्यात खरा भोपळा घातला २०१५ मध्ये. वाद घालायला मला एवढं पुरायचं. भोपळा म्हणजे मेथीदाण्यांची फोडणी, गूळ-खोबरं घातलेली भाजी, नाहीतर घारगे. यांना त्यातलं काय कळतंय, असा माझा एकंदर नूर.

राहतो मी मध्य इलिनॉयमध्ये. अमेरिकेतल्या डबाबंद भोपळ्याचा फार मोठा वाटा याच राज्यात पिकतो. मॉर्टन गावात लिबीज कंपनीचा कारखाना आहे; गाव स्वतःला जगाची भोपळा-राजधानी म्हणवतं आणि सप्टेंबरात भोपळ्याची जत्राही भरवतं. डब्यात जातो तो डिकिन्सन वाणाचा भोपळा. लांबट, फिकट बदामी सालीचा, दिसायला अगदीच साधा. हॅलोविनला कोरतात तो नारिंगी भोपळा पाणचट आणि दोरेदार. मी त्याचीच भाजी करून नाकं मुरडत होतो. डिकिन्सन मात्र कुकुर्बिटा मोशाटा, म्हणजे आपला लाल भोपळा बहुतेक ज्या जातीचा असतो तीच. शिवाय मुळात भोपळा अमेरिका खंडातला, आपल्याकडे नंतर आलेला. कोणी कोणाला शिकवायचं, हा प्रश्नच होता.

पण मत खरं पालटलं ते पातेल्यापाशी, पंपकिन बटर करताना. हा भोपळ्याचा आटवलेला गर; त्यात लोणी नसतं. लोण्यासारखा पावावर पसरतो एवढंच. भोपळा उभा चिरून, कापलेली बाजू खाली ठेवून ओव्हनमध्ये भाजायचा, गर काढून फडक्यात निथळायचा. किलोभर गराला कपभर ॲपल सायडर (इथे सायडर म्हणजे सफरचंदाचा न गाळलेला, गढूळ रस), पाव किलोला थोडा कमी गूळ, लिंबू, मसाला. मग जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर आटवत बसायचं. घट्ट होऊ लागला की तो थपथप उडतो आणि मनगटावर चांगला चटका देतो. लांब दांड्याचा डाव हवा. रंग केशरीवरून विटकरी होतो. थंड बशीत चमचाभर टाकला आणि कडेने पाणी सुटलं नाही, की झाला.

त्या आटण्यात भोपळ्याचा कच्चट, भाजीसारखा वास निघून जातो आणि मागे राहते ती दाट, कॅरॅमलकडे झुकणारी गोडी. तिला दालचिनी शोभते, हे मला मुकाट्याने मान्य करावं लागलं. जायफळ तर आपलंच. लवंग तेवढी चिमटीच्याही आत ठेवा.

घारग्यांना तर हा फारच मानवला. नेहमीच्या किसाला पाणी सुटतं, म्हणून कणीक वाढत जाते आणि शेवटी भोपळा नावापुरता उरतो. आटवलेल्या गरात पीठ बेताचंच मावतं. तळताना आच मंद ठेवावी, नाहीतर साखरेमुळे बाहेरून काळे, आत कच्चे. थालीपिठाशीही छान लागतो. दह्यातल्या भरितात मात्र घालू नका. दालचिनी आणि हिरवी मिरची एकमेकींचं तोंड बघत नाहीत.

एका बाबतीत मी इथल्या सरकारी सूचना मुकाट पाळतो. मोरांब्यासारखा हा बरणीत भरून फडताळात ठेवायचा नाही. कैरीत आंबटपणा असतो, भोपळ्यात तो फार कमी. आणि गर इतका दाट की बाटल्या उकळल्या तरी उष्णता मध्यापर्यंत नीट पोचत नाही. बॉट्युलिझम या विषबाधेच्या जंतूंना असलीच जागा लागते. थोडं लिंबू पिळून ते भागत नाही. तेव्हा फ्रिज, नाहीतर फ्रीझर.

ती लाटे मला अजूनही आवडत नाही. घारग्यांसाठी राखलेला गर घरची मंडळी पावाला लावून संपवतात, म्हणून हल्ली फ्रीझरमधल्या डब्यावर मी ‘कारलं’ असं लिहून ठेवतो.