म्हणजे तू नक्की काय करतेस?

गेल्या गणपतीतली गोष्ट. आरती झाली, मोदक संपले आणि मावशीने मोर्चा माझ्याकडे वळवला.
‘हिंजवडीत लागलीस म्हणे?’
‘हो.’
‘कोडिंग करतेस?’
‘नाही.’
‘मग ते टेस्टिंग?’
‘तेही नाही. मी स्क्रम मास्टर आहे.’
मावशीचा चेहरा कोरा. तेवढ्यात आई स्वयंपाकघरातून ओरडली, ‘अगं, मास्टर आहे ती. शिकवते तिथे!’
विषय संपला. मीही काही बोलले नाही. कारण खरं सांगू? नोकरीला लागून जेमतेम दोन महिने झाले होते आणि मी तिथे नक्की काय करते, हे माझं मलाच कळलेलं नव्हतं.

फ्लॅशबॅक. त्याच वर्षीचा मार्च. मास कॉम करून पाच वर्षं फ्रीलान्सिंग केलेलं. कॅफे, नाटकं, स्टार्टअप, मेट्रो, जे मिळेल त्यावर लिहायचं. बायलाइन बघून आई कात्रण कापून ठेवायची आणि मी मानधनाची वाट बघायची. त्या महिन्यात तीन ठिकाणांहून मिळून ४१ हजार येणं होतं आणि खात्यात होते सहा. आणि नेमकं त्याच आठवड्यात डॉक्टरांनी बाबांना सांगितलं, दोन्ही गुडघे बदलावे लागतील. बाबा म्हणाले, ‘काही घाई नाही.’ जिना उतरताना ते कठडा किती घट्ट धरतात, हे मला दिसत होतं.

माझी रूममेट डेव्हलपर. रात्री मॅगी खाता खाता ती सहज बोलून गेली, ‘तू स्क्रम मास्टर का नाही होत? कोडिंग यायलाच पाहिजे असं नाही. लोकांना बोलतं करायचं असतं. तेच तर करतेस ना तू?’

मग काय, पत्रकाराच्या सवयीने मी आधी बॅकग्राउंड काढलं. स्क्रम हा शब्द रग्बीतला. खांद्याला खांदा लावून चेंडूसाठी रेटारेटी करणारा खेळाडूंचा घोळका, तो स्क्रम. १९८६ मध्ये ताकेउची आणि नोनाका या दोन जपानी अभ्यासकांनी नवी उत्पादनं झपाट्याने बनवणाऱ्या टीम्सची तुलना रग्बीशी केली. पुढे जेफ सदरलँड आणि केन श्वाबर यांनी १९९५ मध्ये सॉफ्टवेअरसाठी ही पद्धत जाहीरपणे मांडली. फंडा साधा आहे. वर्षभराचं काम एकदम करून शेवटी तोंडावर आपटण्यापेक्षा त्याचे छोटे तुकडे पाडायचे. एक तुकडा म्हणजे स्प्रिंट, जास्तीत जास्त एक महिन्याचा. रोज पंधरा मिनिटं भेटायचं. स्प्रिंटच्या शेवटी झालेलं काम दाखवायचं आणि आपलं काय चुकलं, यावर बसून बोलायचं. त्या शेवटच्या बैठकीला म्हणतात रेट्रो. आणि हे सगळं नीट होतंय ना, टीमच्या वाटेत कोण आडवं येतंय, हे बघणारा माणूस म्हणजे स्क्रम मास्टर. नाव मास्टर, पण हाताखाली कुणी नाही!

याची अधिकृत गाइड नेटवर फुकट आहे, तेरा-चौदा पानांची. मी म्हटलं, एवढंच? आमची असाइनमेंट याहून मोठी असायची! त्याच तोऱ्यात परीक्षेचे दोनशे डॉलर भरले. ८० प्रश्न, ६० मिनिटं, पास व्हायला ८५ टक्के. मला पडले ८२.५. रूममेटकडून उसने घेतलेले सतरा हजार एका तासात पाण्यात! दुसऱ्यांदा पैसे भरले तेव्हा ती चौदा पानं अक्षरशः पाठ होती. पास झाले.

पण सर्टिफिकेट म्हणजे नोकरी नव्हे. सात इंटरव्ह्यू दिले. ‘आयटीचा अनुभव?’ ‘शून्य.’ ‘बरं, कळवतो.’ त्यात वाचनात आलं की अमेरिकेतल्या कॅपिटल वन बँकेने २०२३ च्या जानेवारीत अशाच प्रकारच्या अकराशेहून जास्त पोस्ट एका फटक्यात रद्द केल्या होत्या. म्हणजे मी ज्या गाडीत चढायला धावत होते, तिच्यातून लोकांना उतरवणंही चालू होतं. शेवटी रूममेटच्या ओळखीने एका मध्यम आकाराच्या कंपनीत सहा महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट मिळालं. पॅथॉलॉजी लॅबसाठी अॅप बनवणारी टीम. पेशंटच्या मोबाइलवर रक्ताचे रिपोर्ट पाठवणारं अॅप.

पहिले दोन महिने मी जाम चुकले. पंधरा मिनिटांची मीटिंग चाळीस मिनिटं चालायची. काल काय केलं, आज काय करणार, अडचण काय, हे तीन प्रश्न मी हजेरी घेतल्यासारखे विचारायचे. गंमत म्हणजे २०२० च्या गाइडमधून ते प्रश्न काढूनही टाकलेत! कुणाचं काम अडकलं की मी दिवसातून तीनदा त्याच्या डेस्कपाशी. एक दिवस एक सीनियर हसत हसत म्हणाला, ‘मॅम, तुम्ही आमच्या वर्गाच्या मॉनिटर आहात का?’ सगळे हसले. मीही हसले. घरी येऊन रडले.

त्या टीममध्ये एक टेस्टर होता. चोवीस वर्षांचा, लातूरकडचा. मीटिंगमध्ये रोज एकच वाक्य, ‘ऑल गुड, नो ब्लॉकर.’ पाच वर्षं लोकांच्या मुलाखती घेतल्यात बॉस, ‘सगळं छान आहे’ म्हणणारा माणूस मला लगेच कळतो. एका संध्याकाळी त्याला खाली टपरीवर घेऊन गेले. कटिंग मागवला आणि गप्प बसले. मुलाखतीतली ही सगळ्यात जुनी युक्ती. तुम्ही गप्प बसलात की समोरच्याला बोलावंसं वाटतं.

तो बोलला. दोन आठवड्यांच्या स्प्रिंटमध्ये त्याच्या हातात काम पडायचं शेवटच्या दोन दिवशी. सगळं तपासणं शक्यच नव्हतं. गेले दोन स्प्रिंट त्याने अर्धवट तपासून ‘डन’चा शिक्का मारला होता. ‘मॅम, प्लीज कुणाला सांगू नका. माझं प्रोबेशन आहे.’

झाली ना पंचाईत! पत्रकारितेत पहिला धडा, सोर्सचं नाव फोडायचं नाही. आणि स्क्रममध्ये पहिला खांब, पारदर्शकता. बारा दिवसांनी रिलीज होतं. लोकांचे रक्ताचे रिपोर्ट होते ते, पिझ्झाची ऑर्डर नव्हे. रात्रभर झोप नाही. सकाळी त्याला सांगितलं, ‘तुझं नाव मी घेणार नाही. पण गप्पही बसणार नाही. तू स्वतः बोललास तर मी तुझ्या बाजूला उभी असेन.’

रेट्रोमध्ये मी एकच प्रश्न टाकला. ‘शेवटच्या दोन दिवसांत काम कुणाच्या टेबलावर साचतं?’ आणि गप्प. दहा सेकंद. वीस सेकंद. कुणी पेन फिरवतंय, कुणी छताकडे बघतंय. मग तो पोरगा बोलला. सगळं. सीनियरने विचारलं, ‘अरे, आधी का नाही सांगितलंस?’
तो म्हणाला, ‘विचारलं कुणी?’
आणि तोच सीनियर, मला मॉनिटर म्हणणारा, म्हणाला, ‘चूक आपली आहे. आपण काम उशिरा देतो.’

रिलीज आठवडाभर पुढे गेलं. त्या आठवड्यात एक बग सापडला. एकाच मोबाइल नंबरवर घरातल्या दोन माणसांची नोंद असेल, तर कधी कधी वडिलांचा रिपोर्ट मुलाच्या नावाखाली दिसत होता. मला माझे बाबा आठवले. त्यांचे सगळे रिपोर्ट माझ्याच नंबरवर येतात.

टाळ्या वगैरे काही वाजल्या नाहीत हं. मॅनेजरने केबिनमध्ये बोलावून विचारलं, ‘रिलीज लांबवायला घेतलंय का तुम्हाला?’ टेस्टर मात्र प्रोबेशन पार करून कायम झाला. आता काम त्याच्या हातात दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून पडायला लागतं. माझं कॉन्ट्रॅक्ट सहा महिन्यांनी संपलं, तेव्हा वाढवून मिळालं फक्त तीन महिने. पुढचं माहीत नाही. म्हणून शनिवार-रविवार लिहिणं चालूच ठेवलंय.

तुम्हीही उडी मारायच्या विचारात असाल, तर एवढंच सांगते. महागड्या कोर्सला पैसे भरण्याआधी ती फुकटची पानं वाचा. आणि स्वतःला विचारा, मीटिंगमध्ये वीस सेकंद गप्प बसवतं का? बाकी सगळं शिकता येतं.

गेल्या महिन्यात बाबांचा एक गुडघा झाला. दुसरा बाकी आहे. हॉस्पिटलमध्ये त्यांच्या उशाशी बसल्या बसल्या आईने विचारलं, ‘खरं सांग, तू तिथे नक्की काय करतेस?’
मी म्हटलं, ‘लोक जे सांगत नाहीत, ते विचारते.’
‘आणि आधी काय करायचीस?’
‘तेच.’
आई जरा वेळ विचारात पडली. मग म्हणाली, ‘मग आधी पैसे का देत नव्हते गं?’