माळाची गोष्ट कुणी सांगायची?

वनाधिकारी आणि लेखक मारुती चितमपल्ली सोलापूरचे. जन्म ५ नोव्हेंबर १९३२चा, आणि १८ जून २०२५ला त्यांनी देह ठेवला तोही याच शहरात. त्यांच्या नावानं एखादा स्मृतिनिधी असावा, असं आम्हा मंडळींत अधूनमधून निघतं. मला विचाराल तर तो निधी गोष्ट सांगणाऱ्यांच्या हाती पडावा. वनखात्यातली त्यांची सगळी नोकरी रानात गेली; पण रान वाचायला ते शिकले ते आईकडून, लिंबामामांकडून, नवेगावबांधच्या माधवराव पाटलांकडून.

नान्नज, मार्डी, वडाळ्याच्या बाजूला मी शाळांमधून माळाच्या गोष्टी सांगतो. वाघाची गोष्ट सोपी. वाघ आपला दरारा घेऊनच येतो. माळावर मात्र कुसळी, पवन्या, एखादं हिवराचं झाड आणि लांबवर ऊन. मुलं म्हणतात, तिथं तर काहीच नाही. मोठी माणसंही त्याला पडीकच म्हणतात, आणि पडीक म्हटलं की तिथं झाडं लावायची नाहीतर प्लॉट पाडायचे.

माळढोक सांगताना मी वर्गाच्या फरशीवर मधोमध एक गोटा ठेवतो. मुलांपैकी काहींनी गुरं व्हायचं, काहींनी कुत्री, एकानं मोटारसायकल. हा पक्षी घरटं बांधत नाही. उघड्या जमिनीवर अंडं घालतो, बहुतेक एकच. गोट्याला पाय लागला की वर्ग आपोआप गप्प होतो. तिथं मी पुढं काही बोलत नाही. समजावून सांगायचा मोह होतो, पण तो आवरण्यातच निम्मी कला आहे.

नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९चं. आता मात्र माळढोक क्वचितच कुणाला दिसतो. मानेखालची पिशवी फुगवून नाचणारा नर ज्यांनी पाहिला, ती माणसं म्हातारी झाली. मी सांगतो ते त्यांचंच ऐकून. लांडग्याबद्दल तर मी बोलूच नये. ते मेंढरं राखणाऱ्या धनगरानं सांगावं. असे एक धनगर मामा म्हणाले होते, “लांडगं रोज न्हेत न्हाई, पर एकदा न्हेलं की वरीसभर त्याचंच बोलणं.” या वाक्यात नुकसान आहे, राग आहे, आणि लांडग्याची ओळखही आहे. नुकसान वगळून सांगितलेली लांडग्याची गोष्ट त्या गावात कुणी खरी मानणार नाही.

मामांना शाळेत बोलावलं तर त्यांनी पहिलं विचारलं, “मेंढरं कोण राखणार?”

निधीनं आधी ते बघावं. मामा वर्गात असतील त्या दिवशी मेंढरांमागं जाणाऱ्याची मजुरी, एसटीचं भाडं, आणि त्यांच्याच आवाजातलं रेकॉर्डिंग गावच्या शाळेत राहील एवढी सोय. पुस्तक, माहितीपट मागाहून. आणि अर्ज तोंडी चालावा.