अर्धं बॉनेट

ताईच्या नव्या गाडीच्या बिलावर ‘पेंट प्रोटेक्शन : 8,500’ अशी एक ओळ होती. त्या ओळीपायी पुढे जे घडलं, ते आठवलं की माझं डोकं अजूनही तापतं. ताईचं तापत नाही. तिने गाडीचा रंग राखायचा घरचा मार्ग शोधला आणि विषय संपवला. माझ्या लेखी तो संपलेला नाही, म्हणून हे लिहितोय.

ताई रत्नागिरीजवळच्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवते. गाडी तिची, कर्ज तिच्या नावावर, हप्ते तिच्या पगारातून. दसऱ्याच्या मुहूर्तावर गाडी घरी आणायची म्हणून मी पुण्याहून सोबतीला गेलो होतो, एवढंच. पण शोरूममधला सेल्समन सगळं बोलणं माझ्याकडे बघून करत होता. “सर, नाइन एच सिरॅमिक टेफ्लॉन आहे. हिरा दहा, तर हे नऊ. तीन वर्षं रंगाला काही होत नाही.” ताईने विचारलं, “आणि नको असेल तर?” तो पुन्हा माझ्याकडेच वळला. “सर, पॅकेजमध्येच येतं ते. काढायचं तर नवीन कोटेशन, मग आजची डिलिव्हरी नाही जमणार.” बाहेर गाडीला हार घातलेला, चाकांखाली लिंबं ठेवलेली, आई ओवाळायचं ताट घेऊन उभी. ताईने सही केली.

सेल्समनच्या बोलण्यातला एकेक शब्द तपासण्यासारखा आहे. हिऱ्याला दहा हा आकडा मिळतो तो मोह्सच्या मापात. फ्रीड्रिश मोह्स या जर्मन खनिजशास्त्रज्ञाने 1812 साली खनिजांची कठीणतेनुसार उतरंड लावली. तळाला शंखजिरं, सातव्या पायरीवर क्वार्ट्झ, सर्वांत वर हिरा. ‘नाइन एच’चा या मापाशी काहीही संबंध नाही. ती पेन्सिलची कठीणता आहे. रंगाच्या थरावर ठरावीक कोनात, ठरावीक भाराखाली पेन्सिल सरकवतात. 9बी या सर्वांत मऊ शिशापासून सुरुवात करून 9एचपर्यंत जातात आणि कुठल्या पेन्सिलीने ओरखडा उठतो ते बघतात. पेन्सिलीचं शिसं म्हणजे ग्रॅफाइट आणि चिकणमाती. रस्त्यावरच्या धुळीतला क्वार्ट्झचा कण त्याहून कितीतरी कठीण असतो. टेफ्लॉनचं म्हणाल तर ते 327 अंश सेल्सिअसला वितळतं आणि तव्यावर त्याचा थर पक्का बसवायला भट्टीत त्याहून जास्त उष्णता द्यावी लागते. गाडीचा रंग कारखान्यात साधारण 140 अंशांवर भाजलेला असतो. शोरूमच्या मागच्या शेडमध्ये फडक्याने चोळून टेफ्लॉन पत्र्यावर तसं बसेल कसं? ताईला मोह्सचं माप तोंडपाठ आहे. पण त्या दिवशी तिच्याशी कोणी बोलतच नव्हतं.

गाडी उभी राहते अंगणात, हापूसच्या झाडाखाली. दुसरी जागा नाही.

कोकणात राहणाऱ्यांना पुढचं सांगायला नको. मोहोर आला की तुडतुडे येतात. ते रस शोषतात आणि अंगातून गोड चिकटा सोडतात. पानांवर पडतो तसा तो खालच्या गाडीवरही पडतो, त्यावर जांभ्याची लाल धूळ बसते आणि काही दिवसांत काळी बुरशी धरते. भरीला कावळे. पक्ष्यांच्या विष्ठेत यूरिक आम्ल असतं. उन्हात गडद रंगाचं बॉनेट तापलं की रंगावरचा पारदर्शक थर किंचित मऊ पडतो, वाळणारी विष्ठा आक्रसते आणि संध्याकाळी बॉनेट थंड झालं की तिच्या कडेचा ठसा तिथे कायम राहतो. ताईच्या गडद निळ्या बॉनेटवर होळीच्या आधीच असे दोन ठसे उठले होते. पाणी ओतलं तर ते पसरून पत्र्यावर नुसतं साचून राही.

गाडीच्या रंगाचे सगळे थर मिळून साधारण 100 ते 150 मायक्रॉन भरतात. खाली गंजरोधक थर, मग प्रायमर, मग रंग आणि वर पारदर्शक क्लिअर कोट. हा क्लिअर कोट असतो 40-50 मायक्रॉनचा, म्हणजे माणसाच्या केसाहून जाड नाहीच. चमक त्याची, ओरखडे त्यावरचे आणि प्रत्येक वेळी मशिनने पॉलिश मारलं की झिजतोही तोच. वॅक्स किंवा सीलंट लावायचं ते याच्यावर, म्हणजे मग झीज व्हायची ती त्या लावलेल्या थराची होते.

मी पुण्याहून कार्नोबा वॅक्सचा डबा घेऊन गेलो. ब्राझीलच्या ईशान्येकडच्या कोरड्या मुलखात, सिआरा आणि पिआवी या राज्यांत, कार्नोबा नावाचा ताड होतो. पानांतलं पाणी उडून जाऊ नये म्हणून तो पानांवर मेण धरतो. पानं कापून वाळवतात, झोडपतात आणि मेणाची भुकटी गोळा करतात. हे मेण 82 ते 86 अंशांला वितळतं, इतकं कठीण की नुसतं चोळता येत नाही, म्हणून डब्यात ते इतर तेलं, मेणं आणि द्रावकं घालून मऊ केलेलं असतं. औषधाच्या गोळ्यांना आणि चॉकलेटच्या रंगीत गोळ्यांना चकाकी येते तीही बऱ्याचदा याच मेणाने.

ताईने हे काम एखादा प्रयोग मांडावा तसं केलं. सकाळी ऊन चढायच्या आत, पत्रा हाताला गार लागत असताना. दोन बादल्या घेतल्या, एक शाम्पूची, एक फडकं खळबळायची. टपापासून सुरुवात करून खाली, कारण सगळ्यात जास्त रेती दारांच्या खालच्या कडेला असते आणि ती वर न्यायची नसते. भांडी घासायचा साबण घेतला नाही, तो मेण काढून टाकतो. गाडी टिपून घेतल्यावर तिने हातात पातळ प्लास्टिकची पिशवी चढवली आणि बोटं बॉनेटवरून फिरवली. नुसत्या बोटांना गुळगुळीत लागणारा पत्रा पिशवीतून खरखरीत लागला. “बघ, हात लाव,” ती म्हणाली. पाण्याने न निघालेले ते कण तिने साबणाच्या पाण्यावर क्ले बार नावाची मऊ वडी फिरवून काढले.

मग तिने बॉनेटच्या मधोमध मास्किंग टेप लावली. डाव्या अर्ध्या भागावर वॅक्स, उजवा भाग शोरूमच्या ‘प्रोटेक्शन’सकट जसाच्या तसा. स्पंजवर अगदी थोडं वॅक्स घेऊन ते इतकं पातळ लावायचं की जेमतेम दिसेल. जाड थर लावून जास्त काही मिळत नाही, पुसताना तेवढा हात दुखतो. पांढुरकी साय धरली की बोट ओढून बघायचं. बोटाखाली स्वच्छ रेघ उमटली तर मायक्रोफायबरच्या कापडाने पुसायचं, घडी पालटत. काळ्या प्लास्टिकच्या पट्ट्यांवर मात्र जाऊ द्यायचं नाही. तिथे पांढरे डाग बसतात आणि ते काढताना जीव मेटाकुटीला येतो.

मृगाचा पहिला पाऊस पडला. डाव्या भागावर पाण्याचे टपोरे थेंब, उजव्या भागावर पसरलेला ओघळ. ताईने फोटो काढले आणि शोरूममध्ये गेली. मीही त्या आठवड्यात तिकडेच होतो.

मॅनेजरने फोटो मोबाइलवर मोठे करून पाहिले आणि म्हणाला, “मॅडम, तुम्ही बाहेरचं वॅक्स लावलंत. वॉरंटी तिथेच संपली.”

या वाक्याचा राग मला आजही आवरत नाही. ज्या बाजूला वॅक्स लावलंच नव्हतं, तीच बाजू उघडी पडली होती. ताईने ते शांतपणे दाखवलं. त्यावर त्याने वॉरंटीचं कार्ड काढलं. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत लिहिलेलं, दर सहा महिन्यांनी शोरूममध्ये तपासणी करून घेणं बंधनकारक. तिचे सहा महिने उलटून गेले होते. हे डिलिव्हरीच्या वेळी कोणी सांगितलं का? “कार्डावर आहे, मॅडम.” पक्ष्यांच्या विष्ठेचे डाग? “ते वगळलेले आहेत.” झाडाचा चिक? “तोही.” ओरखडे? “वापरातले धरत नाही.” मग नेमकं कशापासून संरक्षण होतं, असं ताईने विचारलं तेव्हा त्याने एक मोफत वॉशचं कुपन पुढे केलं. ज्या पत्रकावर पाण्याच्या टपोऱ्या थेंबांचं चित्र छापून हे विकलं गेलं, ते पत्रक त्याच टेबलावर पडलेलं होतं. ग्राहकाने त्यांच्याच चित्राशी पडताळा घेतला, तर दोष ग्राहकाचा! ताईने कुपन घेतलं नाही.

निघताना गाडी धुण्याच्या शेडपाशी एक मुलगा धावत आला. “बाई, ओळखलंत का? मी तुमच्या वर्गात होतो.” बोलता बोलता ताईने त्याला त्या ‘प्रोटेक्शन’बद्दल विचारलं. तो खाली बघत म्हणाला, “बाई, बाटलीत काय असतं ते आम्हांला पण माहीत नसतं. गाडी धुतली की फडक्याने मारायचं. दसऱ्याला रांग असते. एका गाडीला पंधरा-वीस मिनिटं, त्यात सगळं आलं.” अंगावरचा ओला शर्ट, हातात तेच एक फडकं. खरं सिरॅमिक कोटिंग करायचं तर आधी रंग पूर्ण साफ करावा लागतो, बारीक ओरखडे काढावे लागतात, तेलकटपणा पुसून घ्यावा लागतो आणि लावल्यावर गाडी कित्येक तास पाण्यापासून लांब ठेवावी लागते. पंधरा मिनिटांत, ओल्या शेडमध्ये त्यातलं काहीच होत नाही.

मी म्हटलं, तक्रार कर, या मुलाचं म्हणणंच पुरावा आहे. ताईने ठाम नकार दिला. त्याची नोकरी जाईल म्हणाली. तिने राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन केला, तक्रार नोंदवली, शोरूमचं लेखी उत्तर आलं, त्यात पुन्हा तेच सहा महिने. जिल्हा ग्राहक आयोगात ती गेली नाही. तेव्हा मला तिचा राग आला होता. आज वाटतं, त्या मुलाच्या पोटावर पाय देऊन 8,500 रुपये मिळवण्यापेक्षा तिने केलं ते ठीक होतं. आणि तरीही वाटतं की कोणीतरी आयोगापर्यंत जायलाच हवं, नाहीतर दर दसऱ्याला हेच चालणार.

कोटिंगच वाईट, असं मात्र माझं म्हणणं नाही. पुण्यात माझ्या मित्राने एका डिटेलिंगवाल्याकडे गाडी दोन दिवस ठेवून सिरॅमिक करून घेतलं, त्याचं काम नजर लागावी असं आहे. ज्याला रविवारची सकाळ मोकळी मिळत नाही, त्याने खुशाल तिकडे पैसे द्यावेत. पाण्याचे थेंब उभे राहिले की सगळं झालं असंही नाही. आमच्या सोसायटीत बोअरचं पाणी येतं, कॅल्शियम-मॅग्नेशियमने भरलेलं. तेच टपोरे थेंब उन्हात वाळले की पांढरी कडी उमटतात, म्हणून इथे वॅक्स लावलेली गाडीसुद्धा धुतल्यावर लगेच टिपावी लागते. ताईला ती अडचण नाही. तिची अडचण पाऊस, वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर. त्यात कार्नोबा फार तर महिना-दीड महिना तग धरतो. म्हणून आता ती मे महिन्यात सिंथेटिक सीलंट लावते. पॉलिमरचा हा थर नीट बसायला लावल्यावर साधारण बारा तास कोरडे मिळावे लागतात, पण मग तो काही महिने टिकतो आणि बहुतेक पावसाळा निघून जातो. दिवाळीच्या सुमारास वरून कार्नोबाचा हात, तोही निळ्या रंगाला खोली येते म्हणून. विष्ठा दिसली की ओलं फडकं दहा मिनिटं ठेवायचं आणि मग उचलायची, घासायची नाही. वॅक्स लावलं असलं तरी हे त्याच दिवशी करावं लागतं. वॅक्समुळे वेळ मिळतो, तोही थोडाच.

ते दोन ठसे अजून बॉनेटवर आहेत. मशिनने काढता येतील, पण त्यात क्लिअर कोट झिजेल म्हणून ताई हात लावू देत नाही.

नवी गाडी घेणाऱ्यांना एवढंच सांगतो. कोटेशन ओळीनिहाय लेखी मागा आणि पेंट प्रोटेक्शनची ओळ नको असेल तर सही करण्याआधी खोडायला लावा. एक वस्तू घ्यायची असेल तर दुसरी घेतलीच पाहिजे, अशी अट घालणं ही ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार निर्बंधित व्यापारी प्रथा आहे. ‘पॅकेजमध्येच येतं’ असं कोणी म्हणालं, तर ते लिहून द्यायला सांगा. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915 आहे.