मिक्सर टाकण्याआधी

मिक्सर बंद पडला की तो संपला, असं आपण फार लवकर ठरवतो. त्याची रचना मात्र वेगळंच सांगते. भांडं आणि मोटर यांना जोडणारा कपलर रबराचा किंवा प्लास्टिकचा असतो; पातं अडकलं तर मोटरऐवजी त्याने तुटावं, हीच योजना. कार्बन ब्रशही फिरत्या कम्युटेटरवर घासून झिजण्यासाठीच असतात. आणि ओल्या खोबऱ्याचं घट्ट वाटण करताना यंत्र अचानक गप्प झालं, तर बहुधा ओव्हरलोड स्विचने मोटर वाचवलेली असते. ती निवू द्यावी, भांड्यातलं वाटण कमी करावं, मग तळाचं लाल बटण दाबावं. काही भाग बदलावे लागणार, हे बनवणाऱ्यानेच गृहीत धरलेलं आहे. मग एका कपलरपायी अख्खी तांब्याची मोटर भंगारात का द्यायची?

विजेची भीती हा खरा आक्षेप आहे आणि तो मला मान्य आहे. प्लग काढल्याशिवाय स्क्रूला हात लावू नये. वायंडिंग जळल्याचा वास आला किंवा शॉक लागला, तर काम जाणत्या कारागिराचंच. पण कपलर बदलायला सहसा मोटर उघडावी लागत नाही. त्याचे आटे बहुतेकदा उलटे असतात, एवढं ठाऊक हवं. नवा घेणं सोपं पडतं, हेही खरं. मात्र जुन्याचे सुटे भागच मिळत नसतील, तर ती निवड उरत नाही, सक्ती होते. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. त्या हक्काला स्वयंपाकघरात अर्थ यायचा, तर मिक्सरच्या प्रत्येक खोक्यात सुट्या भागांची यादी आणि तो उघडण्याची आकृती असायलाच हवी.